अवघड स्थिती इंजिनकडून तपासताना : डाउनलोडपासून नोंदवहीपर्यंत

बुद्धिबळातल्या काही निवडक, नामांकित अवघड स्थिती इंजिन (चाली तपासणारा प्रोग्राम) लावून मुळापासून तपासायचं काम नुकतंच हातावेगळं झालं. खेळून झालेल्या डावात घोडचूक कुठे झाली हे पाहायला इंजिन सगळेच लावतात, त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. पण इंजिन दर मिनिटाला मत बदलतं, किंवा कोणाची बाजू किती वरचढ हे सांगणाऱ्या एकाच आकड्यावर तासभर अडून बसतं आणि तो आकडा काही केल्या पटत नाही, तेव्हा पुढे काय करायचं याची सगळी माहिती एका जागी सापडत नाही. म्हणून हे काम ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने लिहून ठेवतो आहे.

खर्चाचं आधी सांगतो. सॉफ्टवेअरला एक पैसाही लागला नाही. स्टॉकफिश आणि लीला चेस झीरो ही इंजिनं, पट दाखवणारे प्रोग्राम आणि टेबलबेस (थोडी मोहरी उरलेल्या स्थितींचे आधीच काढून ठेवलेले निकाल) हे सगळं मोफत मिळतं. खर्ची पडते ती डिस्कवरची जागा, वीज आणि सर्वांत जास्त म्हणजे धीर.

स्टॉकफिश उतरवून उघडलं की नुसती काळी खिडकी दिसते आणि बरेच जण तिथेच गोंधळतात. इंजिनला स्वतःचा पट नसतो. ते यूसीआय नावाच्या संवादपद्धतीने (ही २००० सालची) पटाच्या प्रोग्रामशी बोलतं. अरेना, क्यूट चेस, सिड व्हर्सेस पीसी, एन क्रॉइसंट यांपैकी कोणताही पट चालेल, फक्त इंजिनचे सगळे पर्याय हाताने बदलता आले पाहिजेत. ब्राउझरमधल्या इंजिनला मेमरी मोजकीच मिळते. डावातल्या चुका शोधायला ते पुरतं, या कामाला नाही.

स्टॉकफिशच्या पानावर एकाच आवृत्तीच्या अनेक फाइली असतात : एव्हीएक्स२, बीएमआय२, एव्हीएक्स-५१२ वगैरे. ही प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनासंचांची नावं आहेत. प्रोसेसर जुना आणि फाइल नवी असेल तर इंजिन काही न बोलता बंद पडतं आणि पटाचा प्रोग्राम फक्त 'इंजिन प्रतिसाद देत नाही' एवढंच सांगतो. मग लोक पटाच्या प्रोग्रामची सेटिंग्ज उचकत बसतात. त्यापेक्षा ती काळी खिडकी उघडून 'बेंच' ही आज्ञा द्यावी. फाइल चालणारी असेल तर शेवटी सेकंदाला किती नोड (म्हणजे स्थिती) तपासले तो आकडा येतो. दोन-तीन फाइलींवर हे करून पाहावं आणि ज्या फाइलीचा वेग सर्वांत जास्त ती ठेवावी.

यानंतरची पायरी बहुतेकांची राहून जाते. स्टॉकफिश जसं येतं तसं ते एकाच थ्रेडवर (म्हणजे एकाच कोअरवर) आणि अवघ्या १६ एमबी हॅशवर (तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायच्या मेमरीवर) चालतं. आठ कोअरच्या मशीनवर सात कोअर रिकामे बसतात आणि स्मरणकोश काही क्षणांत भरून वाहायला लागतो. थ्रेड्स मशीनच्या कोअरपेक्षा एक कमी ठेवले, म्हणजे बाकीची कामंही चालू राहतात. हॅशला एकूण रॅमच्या साधारण अर्धी मेमरी दिली : १६ जीबी रॅम असेल तर ८१९२ एमबी. त्याहून जास्त दिली तर संगणक डिस्कला मेमरीसारखं वापरायला लागतो आणि वेग कोसळतो. हॅश किती भरला हे इंजिन हजारात सांगतं. बराच वेळ तो आकडा १००० वर असेल तर जुन्या नोंदी पुसल्या जात आहेत असं समजावं.

लॅपटॉपवर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. सुरुवातीचा वेग आणि दहा मिनिटांनंतरचा वेग यांत मोठा फरक पडतो, कारण प्रोसेसर तापला की स्वतःच मंदावतो. चार्जर लावलेला, मागची बाजू थोडी उचललेली आणि थ्रेड्स एक-दोनने कमी, एवढ्यावर वेग स्थिर राहतो. स्थिर वेग महत्त्वाचा, सुरुवातीची झेप नव्हे.

मग स्थिती मांडली. फेन या एका ओळीच्या नोंदीत सहा भाग असतात : मोहरी, चाल कोणाची, कॅसलिंगचे हक्क, आँ-पासाँचं (प्याद्याला जाता जाता मारण्याचं) घर, ५० चालींच्या नियमाचा मोजका (प्यादं न हलता आणि काही न मारता किती चाली झाल्या त्याची मोजणी) आणि चालीचा क्रमांक. हाताने मोहरी ठेवून स्थिती बनवली की पहिला भाग बरोबर येतो आणि पुढचे चुकतात. राजा आणि हत्ती मूळ घरी दिसले की काही प्रोग्राम कॅसलिंगचा हक्क आपणहून देऊन टाकतात, मग इंजिन अशी चाल सुचवतं जी प्रत्यक्ष डावात शक्यच नव्हती. ५० चालींच्या मोजक्याकडे कोणी बघत नाही, पण तो वाढत जातो तसं स्टॉकफिश आपला आकडा मुद्दाम शून्याकडे ओढतं. त्यामुळे मोजका ० आणि ४० असलेल्या एकाच स्थितीचे आकडे वेगळे येतात. शिवाय फेनमध्ये मागचा इतिहास नसतो. तिहेरी पुनरावृत्तीचा प्रश्न असेल तर नुसती स्थिती देऊन भागत नाही, पूर्ण डाव चढवून त्या चालीपर्यंत यावं लागतं.

इंजिन सुरू करण्याआधी स्वतःच्या मनातल्या दोन-तीन चाली कागदावर लिहिल्या. इंजिनची यादी एकदा दिसली की 'मलाही हेच वाटलं होतं' असं वाटायला लागतं, आणि नंतर कोणती चाल हाताने तपासायची हेच सुचत नाही.

आता आकडा. +१.०० म्हणजे एक प्यादं जास्त, हा जुना समज आहे. स्टॉकफिश १५.१ पासून (डिसेंबर २०२२) +१.०० चा अर्थ, इंजिन स्वतःशीच खेळलं तर त्या स्थितीतून जिंकण्याची शक्यता ५० टक्के, असा ठरवला आहे. त्यामुळे जुन्या लेखातला +१.५ आणि आजचा +१.५ एकमेकांशेजारी ठेवू नयेत. विजय-बरोबरी-पराभव हजारात दाखवण्याचा पर्याय मुळात बंद असतो, तो चालू करून घेतला. अवघड स्थितीत हे तीन आकडे जास्त बोलके असतात. आणि चिन्ह जपून वाचावं : यूसीआयमध्ये आकडा चाल ज्याची त्याच्या बाजूने येतो, तर बहुतेक पट तो पांढऱ्याच्या बाजूने फिरवून दाखवतात. काळी खिडकी आणि पट दोन्ही उघडे असले की एकीकडे अधिक, दुसरीकडे उणे दिसतं. दोन्ही बरोबरच असतात.

पहिली स्थिती घेतली ती लिनारेसच्या १९९८ च्या स्पर्धेतल्या टोपालोव्ह-शिरोव्ह डावातली. (घराच्या नावात आधी उभ्या रांगेचं अक्षर, ए ते एच, मग आडव्या रांगेचा आकडा.) पांढरा : राजा जी१, उंट सी३, प्यादी जी२ आणि एच४. काळा : राजा ई६, उंट एफ५, प्यादी ए४, डी५, एफ६, जी६. काळ्याची ४७वी चाल. उंट विरुद्ध रंगांच्या घरांवरचे, त्यामुळे दोन प्यादी जास्त असूनही बरोबरीचा धोका. शिरोव्हने उंट एच३ वर ठेवला, जिथे जी२ चं प्यादं त्याला सरळ मारू शकतं.

त्या काळच्या इंजिनांना ही चाल सापडत नव्हती. आजची शोधून काढतात, पण सुरुवातीला यादीत साध्यासुध्या चालीच वर असतात आणि ही वर यायला खोली वाढावी लागते. का, हे समजलं की या सगळ्या कामाची किल्ली हाती येते. इंजिनने 'खोली ३०' लिहिलं म्हणजे त्याने प्रत्येक चाल ३० अर्धचालींपर्यंत (एका बाजूची एक चाल म्हणजे अर्धचाल) पाहिली असं नव्हे. खोलीशेजारी दुसरा, मोठा आकडा असतो. तो सांगतो की चालींच्या काही फांद्या त्याहून कितीतरी खोल गेल्या. आणि न सांगितलेली गोष्ट ही, की बाकीच्या फांद्या त्यापेक्षा फार आधी तोडल्या गेल्या. क्रमवारीत खाली पडलेल्या चालींना इंजिन कमी खोली देतं. प्याद्याच्या तोंडात फुकट उंट देणारी चाल क्रमवारीत कुठे पडणार, हे सांगायला नको.

म्हणून इंजिनने काय सुचवलं एवढंच पाहत बसू नये, संशयित चाल पटावर स्वतः खेळावी. मग ती फांदी राहत नाही, तिथूनच शोध सुरू होतो. एच३ वरचा उंट मारू दिला, राजा एफ५ वर आणला, पांढऱ्याचा राजा एफ२ वर आला, काळ्याचा ई४ वर. पांढऱ्याच्या उंटाने एफ६ चं प्यादं मारलं, काळ्याचं डी-प्यादं डी४ वर सरकलं. इथपर्यंत आलं की आकड्याला वाद उरत नाही. मग एकेक चाल मागे यायचं आणि प्रत्येक पायरीवर थोडं थांबायचं. हॅशमधल्या नोंदी टिकलेल्या असतात, त्यामुळे शेवटाकडचं ज्ञान मागे झिरपत येतं आणि मूळ स्थितीत परतल्यावर इंजिनला ते आयतंच मिळतं. याला पुढे-मागे सरकणं म्हणा. रात्रभर इंजिन तसंच चालू ठेवण्यापेक्षा अर्ध्या तासाचं हे सरकणं मला कितीतरी कामाचं वाटलं.

एक खोडा येतो. काही पट स्थिती बदलली की दर वेळी 'नवा डाव' अशी आज्ञा इंजिनला देतात आणि हॅश पुसला जातो. ओळखायची खूण सोपी आहे : मागे आल्यावर खोलीचा आकडा क्षणात पंचविशीच्या पुढे उडाला तर हॅश शाबूत आहे, दर वेळी पाच-दहापासून रांगत वर चढू लागला तर पुसला जातो आहे. मग पट बदलावा किंवा तो पर्याय बंद करावा.

आकडा पटला तरी चाल समजली असं होत नाही. इथे उलट तपासणी करावी लागते : उंट दुसरीकडे गेला तर काय? ई४ वर गेला तर जी२ वर हल्ला होतो खरा, पण राजाला हवं असलेलं घर तो स्वतःच अडवतो. पांढरा राजा एफ२ मार्गे ई३ वर येऊन डी-प्याद्याची वाट रोखतो. डी३ वर गेला तर जी२ वर दाबच नाही, पांढऱ्याला वेळ मिळतो. एच३ वर मात्र एफ५ आणि ई४ दोन्ही घरं मोकळी होतात आणि पांढऱ्याला उत्तर देणंही भाग पडतं. पांढऱ्याने उंट न मारता राजा एफ२ वर आणला, काळ्याचा एफ५ वर आला आणि पांढऱ्याचा एफ३ वर उभा राहिला, तर उंट जी२ वर शह देत प्यादं मारतो. राजाला तो घ्यावाच लागतो, कारण न घेतला तर प्यादं फुकट गेलं. आणि घेतला की काळा राजा ई४ वर पोहोचतोच. सगळा खटाटोप एका चालीच्या फरकासाठी.

एकाच चालीचा शोध घ्यायचा असेल तर 'सर्चमूव्ह्ज' ही आज्ञा आहे. तिने मुळाशी ठरावीक चालीच पाहायला लावता येतात. उलट, सरसकट पाच-पाच ओळी दाखवायला लावणं मला पटत नाही. मल्टीपीव्ही (किती ओळी दाखवायच्या तो पर्याय) पाच केला की इंजिनला पाचही चालींचे नेमके आकडे काढावे लागतात आणि तेवढ्याच वेळात खोली बरीच कमी भरते. पहिली नजर टाकायला तीन ओळी, मग एक.

अवघड स्थितींची दुसरी जात झुगझ्वांगची : जिथे चाल करावी लागणं हाच तोटा. इंजिन वेळ वाचवायला मनात एक चाल सोडून पाहतं. सोडूनही आपली बाजू चांगली राहत असेल तर ती फांदी तिथेच छाटतं. झुगझ्वांगमध्ये हे गृहीतकच उलटं पडतं. फक्त राजा आणि प्यादी असलेल्या बाजूसाठी स्टॉकफिश ही युक्ती वापरत नाही आणि मोठ्या खोलीवर पडताळणीही करतं, पण एखादा उंट किंवा घोडा पटावर असेल तर असली स्थिती उशिरा लक्षात येते. तपासायचा सोपा मार्ग म्हणजे तीच स्थिती चालीची पाळी बदलून पुन्हा द्यायची. आँ-पासाँचं घर रिकामं करायचं, आणि ज्याची पाळी नाही त्याच्या राजाला शह नाही ना हे पाहायचं, नाहीतर स्थितीच अवैध ठरते. पाळी मिळाल्यावर एखाद्या बाजूचं वाईट झालं तर झुगझ्वांग पकडलं गेलं.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो तटबंदीच्या स्थितींनी, म्हणजे जिथे मोहरी कमी असूनही बचाव फोडता येत नाही. २०१७ मध्ये पेनरोझ इन्स्टिट्यूटने जाहीर केलेली स्थिती याचा नमुना. पांढरा : राजा ई२, प्यादी ए२, बी३, सी४, सी६. काळा : राजा ए६, वजीर ए५, हत्ती बी५ आणि ए४, उंट ई५, एफ४, जी३, प्यादी ए७, बी६, सी५, बी४, ए३. मोहरी मोजली तर पांढऱ्याने डाव सोडून द्यावा. पण काळ्याचा वजीर आणि दोन्ही हत्ती आपल्याच माणसांत चिणले गेले आहेत, राजालाही हलता येत नाही. हलू शकतात ते फक्त तीन उंट, आणि तिन्ही काळ्या घरांवरचे. पांढऱ्याने राजा पांढऱ्या घरांवर फिरवत ठेवला आणि बी५ किंवा ए४ चा हत्ती मारण्याचा मोह टाळला, की बरोबरी. हत्ती मारला की तट स्वतःच्या हाताने पाडला. त्या वेळची इंजिनं इथे काळ्याला प्रचंड आघाडी दाखवत होती.

अशा ठिकाणी आकड्यापेक्षा त्याची चाल-ढाल पाहावी. खरी आघाडी असेल तर मुख्य ओळीत पुढे गेल्यावर आकडा वाढतो. तटबंदी असेल तर वीस चाली पुढे गेल्यावरही तो जवळपास तिथेच असतो, नाहीतर मोजका वाढेल तसा हळूहळू घसरतो. मुख्य ओळही ओळखता येते : राजा इकडे, राजा तिकडे, उंट इकडे, उंट तिकडे. मग इंजिनला स्वतःशीच खेळवावं, प्यादं न हलता आणि काही न मारता किती चाली जातात ते पाहावं. तरीही 'बरोबरी' लिहायची घाई नको. तट फोडायचा असतो तो मोहरं देऊन, आणि त्या चाली इंजिन मागे ढकलतं. म्हणून प्रत्येक शक्य बलिदान आणि प्याद्याची प्रत्येक ढकल हाताने खेळून पाहावी. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय मिळाला नाही.

दुसरं मत म्हणून लीला घेतली. २०१८ मध्ये सुरू झालेलं हे इंजिन अल्फाझीरो या स्वतःशीच खेळून शिकलेल्या प्रोग्रामच्या पद्धतीवर चालतं. स्टॉकफिश सेकंदाला लाखो नोड तपासतं. लीला त्याच्या अगदी थोड्या अंशाएवढे, पण प्रत्येक स्थितीवर मोठं न्यूरल नेटवर्क चालवते. त्यामुळे चांगलं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ती रांगते. या नेटवर्कची, म्हणजे जाळ्याची, फाइल वेगळी उतरवावी लागते, आणि मोठं जाळं कमकुवत कार्डावर उपयोगाचं नाही. अरुंद, नेमक्या चालींच्या लांब जुळणीत लीला चुकू शकते, तिथे स्टॉकफिशचा शब्द मानावा. दोघांची मतं जिथे फाटतात तिथेच पटावर उतरून तपासावं, त्याने बराच वेळ वाचतो. दोघांच्या 'खोली'ची तुलना करू नये, त्या मोजण्याच्या रीतीच वेगळ्या आहेत.

शेवटी टेबलबेस. रोनाल्ड डी मान यांचे सिझिजी टेबलबेस २०१३ पासून आहेत. पाच मोहऱ्यांपर्यंतचे साधारण १ जीबी, सहाचे मिळून सुमारे १५० जीबी, सातचे तब्बल १७ टीबीच्या आसपास. पाचचे प्रत्येकाने घ्यावेत. सहाचे उतरवायला फार वेळ जातो आणि मधेच तुटलेली फाइल पुढे चुकीची उत्तरं देण्याची भीती असते, म्हणून चेकसम (फाइल पूर्ण उतरली का हे सांगणारे आकडे) पडताळून घ्यावेत. सातचे घरी ठेवण्याच्या फंदात पडू नये, लीचेस या संकेतस्थळावर ते थेट विचारता येतात. फाइली एसएसडीवरच असाव्यात, साध्या फिरत्या डिस्कवर इंजिन वाट पाहत बसतं. सिझिजीपाथमध्ये (या फाइलींची जागा इंजिनला सांगणाऱ्या पर्यायात) एकापेक्षा जास्त फोल्डर असतील तर विंडोजवर मध्ये अर्धविराम, लिनक्सवर अपूर्णविराम. ही गोष्ट चुकली तरी इंजिन तक्रार करत नाही. म्हणून मोहरी कमी असलेल्या स्थितीत 'टीबी हिट्स'चा (टेबलबेसमधून किती उत्तरं मिळाली त्याचा) आकडा शून्याच्या वर जातो का ते पाहावं.

टेबलबेसचा निकाल वाचतानाही सावध राहावं. सिझिजी मात किती चालींत हे सांगत नाही. पुढचं प्यादं हलेपर्यंत किंवा काही मारलं जाईपर्यंतचं अंतर सांगतं. त्यामुळे निव्वळ त्याच्या चालीने गेलं तर जिंकणारी बाजू मध्येच विनाकारण मोहरं देताना दिसते. ते मोजका शून्यावर आणण्यासाठी असतं, खेळायचा धडा म्हणून नव्हे. काही स्थितींत विजय आहे पण ५० चालींचा नियम त्याला गिळतो, त्या 'शापित विजय' म्हणून वेगळ्या दाखवल्या जातात. जुन्या रचना तपासताना हा फरक लिहून ठेवावा, कारण रचनाकार हा नियम बहुधा मानत नाहीत. वर सांगितलेल्या शिरोव्हच्या ओळीत एफ६ चं प्यादं मेल्यावर पटावर आठ मोहरी उरतात, म्हणजे आणखी एक मारलं गेलं की सातच्या टेबलबेसचं दार उघडतं आणि मतांना जागा राहत नाही.

थांबायचं कधी, यासाठी खोलीचा आकडा ठरवून ठेवण्यात अर्थ नाही. मी पाहिलं ते हे : वेळ दुप्पट करूनही पहिली चाल तीच, आकडा थोडाच हललेला, आणि समोरच्याचं सर्वांत चिवट उत्तर स्वतः खेळून पाहिलं तरी टिकणारा. अनेक थ्रेड्सवर दर वेळी शोध थोडा वेगळा होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच खोलीवर वेगळा आकडा दिसला तर इंजिन बिघडलं असं समजू नये. तंतोतंत तोच निकाल पुन्हा हवा असेल तर एक थ्रेड, रिकामा हॅश आणि ठरलेले नोड.

नोंद पीजीएन फाइलमध्ये (डाव लिहून ठेवायच्या साध्या मजकूर-फाइलीत) ठेवली, सुरुवातीला फेन. प्रत्येक निष्कर्षापुढे इंजिनचं नाव आणि आवृत्ती, नोड, हॅश, आणि टेबलबेस किती मोहऱ्यांचे. शेजारी चार शब्द स्वतःचे : ही चाल का चालते, ती का नाही. नुसते आकडे पुढच्या आवृत्तीत शिळे होतात. काही स्थितींपुढे 'निकाल लागला नाही' एवढंच लिहिलं आहे आणि तेही ठेवलं.

चालू असलेल्या डावाची स्थिती अशी तपासू नये. लीचेससारख्या ठिकाणी दिवसाला एक चाल अशा संथ डावांतही इंजिन वापरायला बंदी आहे आणि खातं बंद होऊ शकतं. आयसीसीएफ या आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहारी बुद्धिबळ संघटनेच्या स्पर्धांमध्ये मात्र इंजिनला परवानगी आहे, तेव्हा कोणता डाव कुठल्या नियमाखाली चालू आहे हे आधी वाचून घ्यावं.